बांधलेले आणि उगवलेले : पवनीच्या टेकड्यांच्या निमित्ताने एक भाषिक विचार

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेच्या काठचे गाव भाविकांस देवळांमुळे व घाटांमुळे परिचित आहे, आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस तेथील स्तूपांमुळे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले, डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी सिद्ध केलेला त्याचा वृत्तान्त १९७२ साली विद्यापीठाने प्रसिद्ध केला. पुढे १९९४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने पुन्हा उत्खनन केले. या सर्व कार्यातून विटांचे प्रचंड स्तूप, दगडी वेदिकेचे कोरीव खांब आणि ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख उजेडात आले. ज्या जागी हे सापडले त्यांची नावे पाहावीत : जगन्नाथ टेकडी, हरदोलाला टेकडी, चांडकापूरची टेकडी. नावांतील विशेषणे वेगवेगळी आहेत, नाम मात्र सर्वत्र एकच आहे. ते नाम 'टेकडी' हे होय, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेच आहे.

सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे. जगन्नाथ टेकडीखालचा स्तूप साधारणपणे त्याच्याच बरोबरीचा. एवढी मोठी, माणसाने वीट वीट रचून उभी केलेली वास्तू ज्या लोकांच्या डोळ्यांसमोर शतकानुशतके होती त्यांनी तिला टेकडी म्हणावे, म्हणजे निसर्गाच्या वस्तूंत तिची गणना करावी, ही गोष्ट अज्ञान या एका शब्दाने उलगडत नाही. भाषेने त्या वस्तूस एका वर्गातून काढून दुसऱ्या वर्गात घातले आहे. हे वर्ग कोणते, आणि वस्तू एकातून दुसऱ्यात जाते कशी, हे समजले तर क्षेत्रपाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा उपयोग होईल असे वाटते.

जमिनीच्या पातळीहून वर असलेल्या वस्तूंचे वर्गीकरण मराठी नामांनी करीत नाही, क्रियापदांनी करते. घर, वाडा, तट, पूल, मचाण, धरण ही सर्व आपण 'बांधतो'. चिमणी घरटे 'बांधते'. सुगरण आपला खोपा 'विणते' असेही म्हणतात, पण विणणे हे बांधण्याचेच सख्खे भावंड. उलट पक्षी झाड 'उगवते' व 'वाढते'. डोंगर आणि टेकडी नुसती 'असते', फार तर वाटेत 'लागते'. या दोहोंच्या मधे एक चमत्कारिक वर्ग आहे. झाडाला फळ 'लागते', तसेच फांदीला आग्या मोहोळ 'लागते' किंवा 'बसते'. मधमाश्यांनी ते केले हे सर्वांस ठाऊक असूनही त्यांनी ते बांधले असे सहसा कोणी म्हणत नाही. वारुळाचीही तीच गत. शालेय पुस्तकाबाहेर वारूळ 'होते', 'वाढते'. वाळवीचे कर्तृत्व भाषा मनावर घेत नाही. चिमणीस जो मान मिळतो तो वाळवीस मिळत नाही, याचे कारण माझ्या मते असे की चिमणी काडी आणताना दिसते आणि वाळवी काम करताना दिसत नाही. 'बांधणे' हे क्रियापद दृष्टीस पडलेल्या कर्त्यासाठी राखलेले आहे. कर्ता दिसेनासा झाला की क्रियापदही निघून जाते, आणि वस्तू 'असणे', 'वाढणे', 'लागणे' यांच्या स्वाधीन होते.

बांधणे या धातूचा मूळ अर्थ दोरीने जखडणे, गाठ मारणे. संस्कृत 'बन्ध्'पासून तो सरळ आलेला आहे व आजही गाय बांधणे, फेटा बांधणे या प्रयोगांत तो मूळ अर्थ शाबूत आहे. मग दगडाची भिंत आपण का बांधतो? तिच्यात कोठेही गाठ नाही. उत्तर उघड आहे. ज्या काळी हा प्रयोग रूढ झाला त्या काळी घर खरोखरच बांधीत असत, म्हणजे लाकूड, बांबू व गवत दोरांनी जखडून उभे करीत. शेतातील मचाण आजही तसेच बांधतात. 'भिंत' या शब्दाचा इतिहास त्यास पुष्टी देतो. ती संस्कृत 'भित्ति'पासून आली, 'भित्ति' ही 'भिद्' म्हणजे फोडणे, चिरणे या धातूपासून. तिचा एक अर्थ चिरलेल्या कामट्यांचा तट्टा असाही कोशात मिळतो. कुडाच्या भिंतीतला 'कूड' संस्कृत 'कुड्य'चा वारस आहे, आणि आज तो नेमका काड्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंतीसाठी उरला आहे. ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. जर्मन भाषेत भिंतीस 'वांट' म्हणतात व त्याचा संबंध 'विंडेन', म्हणजे पिळणे, गुंफणे, या क्रियापदाशी आहे. जगातल्या अनेक भाषांनी दगडाच्या भिंतीला काडीची नावे दिली आहेत.

पवनीच्या वेदिकेत हाच इतिहास दगडात कोरलेला आहे. स्तूपाभोवतीचे दगडी कठडे लाकडी कुंपणाची हुबेहूब नक्कल असतात, हे आता सर्वमान्य आहे. उभ्या खांबांस खाचा पाडून त्यांतून आडव्या पट्ट्या ओवल्या जात. माथ्यावर दगडाची लांबट तुळई बसविली जाई. दगडास अशा रचनेची गरज नसते. दगडाचा कठडा एकावर एक चिरे ठेवूनही झाला असता. पाथरवटाने सुताराचे काम दगडात केले, आणि सुताराच्या कामाची नावेही तशीच चालू ठेवली. आडव्या पट्टीचे नाव 'सूची', म्हणजे आपली सुई. कारण ती खांबातून ओवली जाते. माथ्यावरच्या तुळईचे नाव 'उष्णीष', म्हणजे पागोटे. मुख्य घुमटास 'अंड' म्हणत, त्यावरील दांड्यास 'यष्टी' म्हणजे काठी, आणि तिच्या टोकाशी 'छत्र'. या यादीत वास्तुविद्येचा असा स्वतःचा एकही शब्द नाही! शिंप्याची पेटी, माणसाचे डोके, पक्ष्याचे अंडे आणि राजाची छत्री यांतून ती भरली आहे. उंच वस्तूस नाव देताना भाषा हाताजवळची, कमरेच्या उंचीवरची वस्तू उचलून वर ठेवते.

यांपैकी मराठीत काय उतरले हे पाहणे उद्बोधक आहे. सुई राहिली, पण कठड्यावरून उतरून शिंप्याकडे परत गेली. छत्र राहिले ते देवाच्या व राजाच्या डोक्यावर. उष्णीष आणि अंड हे वास्तुवाचक अर्थाने पूर्णपणे गेले. 'खांब' मात्र नुसता राहिला असे नव्हे, तर त्याची साक्ष पवनीतच मिळते. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला एक स्तंभ पवनीस सापडला असून तो महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अभ्यासला. त्यावरील लेखात 'छायाखंभो' असा शब्द आहे. छायास्तंभ म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभा केलेला खांब. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला हा 'खंभ' आणि आज पवनीच्या घरातला 'खांब' यांत अंतर आहे ते केवळ एका महाप्राणाचे व स्वराच्या लांबीचे.

येथे थोडे थांबावयास हवे, कारण 'थांबणे' हाच या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे. संस्कृतात 'स्कम्भ्' व 'स्तम्भ्' हे अर्थाने जवळचे दोन धातू आहेत. पहिल्यातून प्राकृत 'खंभ' येतो, दुसऱ्यातून 'थंभ'. भारहुतच्या वेदिकेवरील दानलेखांत खांबास 'थभो' म्हटले आहे; आडव्या पट्टीस 'सुचि'. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचे व्याकरण रचताना 'स्तम्भ' शब्दाची दोन्ही रूपे नोंदविली. लाकूड आदींच्या खांबाच्या अर्थी 'खंभ' व 'थंभ' हा विकल्प त्याने दिला. आणि हालचाल नसणे या अर्थी मात्र 'थ' किंवा 'ठ' असलेलीच रूपे सांगितली. मराठीने हा विकल्प निकालात काढला. वस्तूसाठी तिने 'खांब' घेतला व क्रियेसाठी 'थांबणे'. जे उभे आहे ते एका धातूकडे गेले, जे हलेनासे झाले ते दुसऱ्याकडे. भारहुत व पवनी यांची ही तुलना काल व प्रदेश दोन्ही दृष्टींनी जपून करावयाची आहे. एका लेखातल्या एका शब्दावरून बोलीची सीमा आखता येत नाही. तरी आपल्या भाषेचा एक नित्याचा शब्द ज्या रूपातून आला ते रूप याच भूमीत दगडावर वाचावयास मिळावे, हे भाषेच्या विद्यार्थ्यास सुखावणारे आहे.

उंचवट्याच्या बाबतीत मराठी शब्द किती प्रवास करतात याचे आणखी एक उदाहरण पवनीच देते. जुन्या नगरीभोवती तीन बाजूंनी तट व खंदक असून उरलेल्या बाजूस नदी आहे. संस्कृतात 'तट' म्हणजे नदीचा काठ, उतरण. मराठीत काठ हा अर्थ ग्रंथांपुरता राहिला आणि 'तट' म्हणजे किल्ल्याची भिंत असा अर्थ रूढ झाला. त्याला फारसी 'बंदी' जोडून 'तटबंदी' झाली, आणि फारसी 'बंद' व आपले 'बांधणे' हे एकाच प्राचीन धातूचे वंशज असल्याने हा जोड कोणास खटकला नाही. मातीचा मूळ तट पाहिला म्हणजे अर्थ कसा बदलला असेल हे सांगावे लागत नाही. मातीचा भराव एका बाजूस उतरता, पायथ्याशी पाणी : तो नदीचा काठच होय, फक्त माणसाने केलेला. 'बुरूज' मात्र अरबीतून आला, आणि अरबीत तो ग्रीकांकडून आला असे मानतात. 'माच' किंवा 'माचा' हा संस्कृत 'मञ्च'. तो घरात बाज झाला, त्याच्याच कुळातले 'मचाण' रानात गेले आणि 'माची' सह्याद्रीच्या गडांवर चढली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अभयारण्यांत मचाणांवर बसून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याची प्रथा आहे. पवनीच्या शेजारचे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली घोषित झाले. तेथे मचाणावर रात्र काढणारा निसर्गप्रेमी आणि पिकाची जागल करणारा शेतकरी हे दोघेही, शब्दाच्या दृष्टीने, बाजेवरच बसलेले असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बांधलेली वस्तू टेकडी कशी होते?

यात झाडांचा भाग मोठा आहे. वड, पिंपळ व उंबर यांची फळे पक्षी खातात, बी विष्ठेवाटे भिंतीच्या सांध्यात पडते, आणि रोप मातीवाचून, जमिनीपासून कितीतरी उंचीवर रुजते. मुळे विटांच्या सांध्यांतून खाली उतरतात, जाड होतात व विटा फोडतात. पडलेल्या विटांवर धूळ व पालापाचोळा साचतो. पावसाने त्याची माती होते. मातीवर गवत येते. दोनतीन पिढ्यांनंतर तेथे जे उभे असते ते पाहणाऱ्याच्या दृष्टीने उगवलेले असते. बोलणारा माणूस त्या जागेचा उल्लेखही झाडावरून करू लागतो. नामांतराचा हा पहिला टप्पा म्हणावयास हरकत नाही. दुसरा टप्पा नव्या बांधकामाचा. उंच जागा मोकळी राहत नाही. कोणी तिच्यावर देऊळ बांधतो, कोणी चौथरा. त्या नव्या वस्तूस कर्ता आहे, म्हणून 'बांधणे' हे क्रियापद तिला मिळते. जुनी वस्तू आता नव्याची केवळ जमीन होते. 'टेकडीवर देऊळ बांधले' या वाक्यात स्तूप अधिकरण झाला, कर्म राहिला नाही. आणि व्याकरणातल्या या पदच्युतीबरोबर त्याची वास्तू म्हणून असलेली ओळख संपली.

पवनीच्या टेकड्यांची विशेषणे याच दुसऱ्या टप्प्याची आहेत. 'जगन्नाथ' हे देवतेचे नाव. 'हरदोलाला' हे अधिक मनोरंजक. त्यात बुंदेलखंडातील हरदौल लाला उघड दिसतो. हरदौल हा सतराव्या शतकातील ओरछाच्या राजघराण्यातला पुरुष. भावाने संशयावरून त्यास विषप्रयोग करविला अशी कथा आहे. पुढे तो लोकदैवत झाला, पटकीच्या साथीपासून रक्षण करणारा म्हणून मध्य प्रांतात गावोगावी त्याचे चौथरे झाले. पवनीच्या त्या टेकडीवर असा एखादा चौथरा असावा व त्यावरून नाव पडले असावे, असा तर्क करता येतो. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या शतकांत आरंभ झालेल्या या वास्तुपरंपरेचा अवशेष आपल्यापर्यंत आला तो सतराव्या शतकानंतरच्या एका बुंदेली राजपुत्राच्या नावाने. स्थलनामावरून स्थळाचा काळ ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

याच्या उलट प्रकारही घडतो. नालासोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खणला, तेव्हा तो उंचवटा 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखला जात होता. राजा काल्पनिक असेल, पण 'कोट' म्हणजे बांधलेली वस्तू. लोकस्मृतीने वर्ग सोडला नव्हता. ('बुरूड'मध्ये 'बुद्ध' दडला आहे असे म्हणण्याचा मोह होतो. 'द्ध'चा 'रूड' होण्यास मराठीच्या ध्वनिपरिवर्तनात आधार नाही, तेव्हा तो आवरावा.) आंध्रातील अमरावतीचा स्तूप कर्नल कॉलिन मॅकेंझी याने १७९८ साली पाहिला तेव्हा 'दीपालदिन्ने', म्हणजे दिव्यांचे टेकाड, या नावाने ओळखला जाई. दिवे कोणी लावले याची आठवण नावात आहे, टेकाड कोणी रचले याची नाही. आणि ज्याला टेकाड म्हणतात त्यातून दगड व विटा काढून नेण्यात कोणास अपराध वाटत नाही. अमरावतीचे कोरीव दगड बांधकामासाठी गेले व काहींचा चुना झाला. रामटेकजवळच्या मनसर येथे विटांची भव्य वास्तू ज्या उंचवट्यात निघाली त्याचे नाव 'हिडिंबा टेकडी'. पांडवकथेतले नाव जोडून लोकांनी तिच्या असाधारणपणाची नोंद घेतली होती, असे निदान म्हणता येते.

मराठी शेतकऱ्यास जुन्या वस्तीची खूण कळत नाही असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. 'पांढरी' आणि 'काळी' ही जोडी गावगाड्याच्या भाषेतली. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. राख, शेण व चुन्याने वस्तीची माती पांढुरकी होते. उजाड झालेल्या गावाची जागाही लोक पांढरीच म्हणतात, आणि पुरातत्त्वज्ञांनी या शब्दाचा पुरेपूर लाभ घेतला आहे. म्हणजे मातीचा रंग मराठीने अचूक वाचला. उंची मात्र ती वाचीत नाही. माणसे राहिली तेथे पांढरी झाली. स्तूपात कोणी राहत नसे, चूल पेटत नसे, म्हणून पांढरी हा शब्दही त्यास लागू पडला नाही.

पवनीच्या एका स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे, पाच फणांचा, ब्राह्मीतील नावासह. बोधीनंतर सात दिवस पाऊस पडला तेव्हा या नागाने बुद्धावर फणा धरला, अशी कथा आहे. मराठीत फणा 'काढतात' आणि छत्र 'धरतात'; पण नागाने कोणावर सावली केली की त्याचा फणाही 'धरला' असे आपण म्हणतो, कारण तो मग छत्र होतो. सजीव वस्तू क्रियापदाच्या जोरावर वास्तूच्या वर्गात आलेली ही जागा. जगन्नाथ टेकडीच्या उलट दिशेचा हा प्रवास असल्यामुळे त्याचा येथे उल्लेख केला.

क्षेत्रपाहणीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. भंडारा-गोंदियाकडच्या झाडीपट्टीत प्रमाण मराठीतील 'ळ'चा उच्चार बहुधा 'र' होतो. 'डोळा' तेथे 'डोरा' होतो. या भागात मालगुजारी तलावांचे जाळे आहे आणि तलावाच्या बांधास 'पाळ' म्हणतात. हा शब्द 'पार' असा कानी पडला, तर झाडाभोवतीच्या पाराशी त्याची गल्लत होऊन नोंदवहीत भलतेच लिहिले जाईल. एक पाणी अडवतो, दुसरा झाडास कवटाळतो. दोन्ही जमिनीहून वर, दोन्ही माणसाचे. उच्चार नोंदवावा व सोबत वस्तूचे वर्णन करावे.

दुसरे असे की, 'ही टेकडी कोणी बांधली?' हा प्रश्न विचारू नये. टेकडी बांधत नसतात. प्रश्नच व्याकरणात बसत नाही, आणि उत्तर 'कोणी नाही' असे येते किंवा पवन राजाची गोष्ट ऐकावयास मिळते. त्याऐवजी 'तेथे खणले तर काय लागते?' असे विचारावे. 'लागणे' हे क्रियापद, वर म्हटल्याप्रमाणे, कर्त्याची अट घालत नाही. झाडाला फळ लागते, फांदीला मोहोळ लागते, विहिरीला पाणी लागते, तशाच टेकडीत विटा 'लागतात'. ज्या माणसाने आयुष्यभर टेकडी हाच शब्द वापरला तोही या प्रश्नाला 'विटा लागतात, हातभर लांबीच्या' असे सहज सांगून जाईल. त्या विटेची लांबी, रुंदी व जाडी मोजून घ्यावी, टेकडीची सर्व नावे सांगणाऱ्याच्या उच्चारात उतरवून घ्यावीत, आणि तिच्यावर आज काय बांधलेले व काय उगवलेले आहे याच्या दोन निरनिराळ्या याद्या कराव्यात.